घंगाळ, पितळी, एक नग

महेश्वर माशाळे यांचा जगातल्या कुठल्याही तराजूवर विश्वास नव्हता. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाचं जे होतं, तेच त्यांचं झालं होतं. जुळे सोलापुरातल्या भाजीवाल्या बायका त्यांना लांबून येताना बघितलं की आपणहून एक टोमॅटो जास्त टाकायच्या आणि त्यामुळे माशाळ्यांचा संशय आणखीनच बळावायचा. जास्त का टाकला? कशाच्या बदल्यात टाकला? निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी घरी आलेली साखरेची पुडीसुद्धा काट्यावर चढल्याशिवाय डब्यात जात नसे.

अशा या माणसाच्या हातून बायकोचं घंगाळ गेलं. चोरीला गेलं असतं तर निदान पोलिसांत जाता आलं असतं. हे त्यांनी स्वतःच्या हातानं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं होतं.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी विजयमालाबाई आठ दिवसांसाठी बार्शीला बहिणीकडे गेल्या होत्या आणि माशाळ्यांनी कोंडीबा भंगारवाल्याला रद्दी घालायला वर बोलावलं. कोंडीबाचा काटा बघताच साहेबांच्या अंगातला निरीक्षक जागा झाला. काटा खोटा आहे हे सिद्ध करायला खात्रीच्या वजनाची वस्तू हवी, आणि घरात अशी वस्तू एकच होती. विजयमालाबाईंचं माहेरचं पितळी घंगाळ. त्याचं वजन सात किलो चारशे ग्रॅम. हे माशाळ्यांना पाठ होतं, कारण लग्न झालं त्याच महिन्यात त्यांनी ते गुपचूप ऑफिसात नेऊन सरकारी काट्यावर घातलं होतं. सासरे म्हणाले होते साडेसात किलो.

जिन्यात शेजारीपाजारी जमलेले. माशाळे म्हणाले, "कोंडीबा, तुझा काटा बरोबर निघाला, तर हे घंगाळ तुझ्या गाडीवर घाल."

काट्यानं दाखवलं सात किलो चारशे. ग्रॅम इकडचा तिकडे नाही.

"ऱ्हाऊ द्या साहेब," कोंडीबा म्हणाला. "वैनींचं हाय ते. नाव घातलंय की त्यावर."

नाव होतं खरं. मागच्या कडेला, ठोकून घातलेलं: 'चि. सौ. कां. विजयमाला हिस वडिलांकडून सप्रेम भेट, मंगळवेढा, १९८८.' पण जिन्यात बारा माणसं उभी होती आणि निरीक्षकानं दिलेला शब्द होता. माशाळ्यांनी घंगाळ स्वतः खाली नेऊन गाडीवर ठेवलं आणि ताठ मानेनं वर आले. दार लावल्यावर मात्र त्यांना बार्शीहून परतणारी बायको आठवली.

मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही निरीक्षकाला शोभणारं नव्हतं. एका पोत्यात फुटका प्लास्टिकचा टब घातला, त्यात विटांचे तुकडे भरले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन बरोबर सात किलो चारशे ग्रॅम जुळवलं, पोतं शिवलं आणि माळ्यावर चढवलं. वर ऑफिसच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लावली: 'घंगाळ, पितळी, १ नग. वजन ७.४०० कि.ग्रॅ. मालक सौ. विजयमाला. उघडू नये.' खाली सही, तारीख.

बार्शीहून परतलेल्या बायकोला त्यांनी सांगितलं, "गॅसचा गीझर आलाय, आता त्या घंगाळाचं काय काम? वर टाकलंय नीट बांधून."

विजयमालाबाई "बरं" म्हणाल्या. त्या एका 'बरं'चा अर्थ लावण्यात माशाळ्यांची दोन वर्षं गेली.

आणि आता गळ्याशी आलं होतं. मुलगी प्रियंका पुण्याहून सव्वा महिन्याच्या लेकीला घेऊन माहेरी यायची होती. विजयमालाबाईंनी जाहीर करून टाकलं, "ह्या घरातली नातीची पहिली आंघोळ माज्या बापाच्या घंगाळात व्हायची. प्रियंकाला बी त्यातच घातलीय मी. अजून बारा दिवस हायत, सवडीनं काढा तेवढं माळ्यावरनं."

माशाळे तडक कोंडीबाच्या वखारीत गेले. कोंडीबानं बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि म्हणाला, "ते आठवड्याच्या आतच गेलं साहेब."

"कुणाकडे?"

"ते न्हाय सांगता यायचं. गिऱ्हाइकाला शब्द दिलाय. तुमी दिला न्हवता का शब्द? तसाच."

माशाळ्यांना यात सरळ सरळ टोळी दिसली. जुनी पितळेची भांडी गोळा करून परदेशात धाडणारी टोळी.

टोळीचा माग काढायला त्यांना तळमजल्यावरच्या वैजयंतीची मदत झाली. वैजयंती फोनवरून शेंगाची चटणी विकायची, त्यामुळे इमारतीत ती संगणकतज्ज्ञ समजली जाई. तिनं त्यांना लिलावाची एक साइट काढून दिली. जो जास्त बोली लावेल त्याला वस्तू घरपोच.

"काका, सांभाळून हं," ती म्हणाली. "फोटो एक असतो, येतं भलतंच. माज्या जावेनं पैठणी म्हणून घेतली, तर टेबलावर टाकायचं कापड आलं."

"माझ्यापुढे ती मात्रा चालायची नाही," माशाळे म्हणाले.

ते गॅलरीतल्या आपल्या बैठकीवर बसले आणि एकेक वस्तू तपासू लागले. ही बैठक म्हणजे गादीवाल्याकडून शिवून आणलेलं एक बुटकं गोल आसन होतं, वर सोलापुरी चादरीचं कव्हर. विजयमालाबाईंची खरेदी. ते इतकं जड होतं, की गादीवाल्यानं आत कापसाऐवजी भंगार कोंबलंय याबद्दल माशाळ्यांची खात्री पटली होती, आणि ते एकदा उसवून बघायचं त्यांच्या यादीत होतं. पण बसायला बरं पडायचं, म्हणून राहून गेलं.

साइटवर जे लिहिलं होतं ते वाचून मात्र त्यांचं रक्त तापलं. 'जुनी खुर्ची, चार पाय, फोटोत तीन दिसतात.' 'पितळी समई, लोखंडी.' 'घड्याळ, चालू स्थितीत बंद.' एका कपाटाच्या फोटोत कपाटापेक्षा त्याच्या आरशात दिसणारा बनियनवरचा फोटोग्राफरच जास्त स्पष्ट आला होता. नोकरीत असते तर माशाळ्यांनी तासाभरात सगळी साइट सील केली असती.

तिसऱ्या दिवशी त्यांना ते दिसलं. लाल फडक्यावर ठेवलेलं, दोन कड्यांचं पितळी घंगाळ. खाली मजकूर होता: 'राजेशाही हत्तीचे पाणी पिण्याचे भांडे. सन १७९०. अतिदुर्मिळ. एकदाच वापरलेले. माप १५ × ८. रंग पिवळा. स्थिती जशी आहे तशी. विक्रेता ऋतुराज, जेऊर.'

हत्ती एकदाच पाणी प्यायला आणि नंतर काय झालं, हा प्रश्न माशाळ्यांना पडला, पण त्यांचं लक्ष डाव्या अंगाकडे गेलं होतं. तिथे पोचा होता. हा पोचा त्यांनी ओळखला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमटीतल्या मिठावरून भांडण झालं असताना त्यांनी त्या घंगाळाला लाथ मारली होती. घंगाळाला पोचा पडला आणि त्यांच्या अंगठ्याचं नख काळं पडलं, ते आजतागायत काळंच होतं. फोटो बघताच तो अंगठा ठणकायला लागला. आणखी पुरावा काय पाहिजे?

दुसऱ्या मजल्यावरचे आण्णा बँकेतून निवृत्त झालेले. ऑनलाइन व्यवहारात तीनदा फसलेले असल्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. माशाळ्यांनी त्यांना शपथ घालून सगळी हकिकत सांगितली.

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा साहेब," आण्णा म्हणाले. "एक म्हणजे खरं नाव द्यायचं न्हाय. आन् दुसरं, आपल्याला पाहिजे हाय असं दाखवायचं न्हाय. आपल्याला घंगाळाचा तिटकारा हाय, असंच वागायचं."

पण खोटं नाव देणं माशाळ्यांच्या तत्त्वात बसेना. शिवाय साइटला आधार कार्ड पाहिजे होतं, पत्त्याचा पुरावा पाहिजे होता, आणि एवढं देऊनही समाधान न झाल्यामुळे चेहरा पाहिजे होता. पडद्यावर अक्षरं आली: 'डोळे मिचकावा.'

त्रेसष्टाव्या वर्षी, अनोळखी यंत्राकडे बघून डोळे मिचकवायचे! माशाळे दहा मिनिटं रोखून बघत राहिले. यंत्र म्हणालं, 'आपण जिवंत व्यक्ती असल्याची खात्री पटली नाही.' हा अपमान सोसून शेवटी त्यांनी डोळा मारला. यंत्राला तो पसंत पडला नाही, म्हणून आणखी चारदा मारला. पाचव्या वेळी मान वर केली तर दारात विजयमालाबाई उभ्या. फोनमधून एक बाई गोड आवाजात म्हणत होती, "छान! आता जरा हसा."

"कोण हाय ती?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"सरकारी काम आहे," माशाळे म्हणाले.

"बरं," विजयमालाबाई म्हणाल्या.

आता खरं तर बोली लावून गप्प बसायचं. पण असत्य वर्णन डोळ्यांसमोर ढळढळीत दिसत असताना गप्प बसतील ते माशाळे कसले. विक्रेत्याला प्रश्न विचारायच्या चौकटीत त्यांनी रीतसर नोटीसच लिहिली: 'सदर वस्तू हत्तीची नसून आंघोळीची आहे. सन १७९० नसून १९८८ आहे. वजन नमूद नाही, ते ७.४०० कि.ग्रॅ. आहे. डाव्या बाजूचा पोचा मानवी आघाताने झालेला असून मागील बाजूस कोरीव मजकूर आहे, तो फोटोत हेतुपुरस्सर दडवलेला दिसतो. वस्तूचे मूळ मंगळवेढा येथील. तीन दिवसांत दुरुस्ती करावी. म. शि. माशाळे, निवृत्त निरीक्षक, वजनमापे.'

तीन दिवस कशाला, दुरुस्ती तासाभरात झाली. नवीन मजकूर आला: 'राजघराण्यातील हत्तीचे व राणीसाहेबांचे आंघोळीचे भांडे. मूळ मंगळवेढा. वजन ७.४००. मागे गूढ कोरीव लेख. डाव्या बाजूस लढाईतील आघाताची खूण. सरकारी निरीक्षक श्री. माशाळे साहेब यांनी प्रमाणित केलेले.' आणि बोली दुप्पट.

माशाळ्यांचा संताप अनावर झाला. त्यांनी दुसरी नोटीस धाडली, की आपण काहीही प्रमाणित केलेलं नाही, लढाई झालेली नाही, आघात पायाचा आहे. तासाभरानं वर्णनात भर पडली: 'निरीक्षक साहेबांकडून दुसऱ्यांदा तपासणी पूर्ण.' त्यांनी साइटकडे तक्रार केली. तक्रारीचं कारण दिलेल्या यादीतूनच निवडायचं होतं, आणि 'विक्रेता माझंच खरं घेऊन त्याचं खोटं करतो' असं कारण यादीत नव्हतं. त्यांनी 'इतर' निवडलं. उत्तर आलं, 'आपल्या तक्रारीबद्दल आभार. आमची सेवा आपल्याला किती तारे आवडली?'

"काका, तुमी आता काय बी लिहू नका," वैजयंती हात जोडून म्हणाली. "तुमी लिहिलं की भाव वाढतोय."

लिलाव संपायच्या दिवशी दुपारी माशाळे बैठकीवर फोन धरून बसले. मैदानात दोघंच उरले होते, एक ते स्वतः आणि दुसरी 'नागव्वा ५५' नावाची कोणी बाई. माशाळ्यांनी बोली वाढवली की नागव्वा वाढवी. ही विक्रेत्याचीच मावशी असणार हे त्यांनी ताडलं. उन्हानं गॅलरी तापलेली, कपाळावरून घाम ओघळतोय, आणि नागव्वा हटेना. मग त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. त्यांनी बोली लावली की वरच्या मजल्यावरून आवाज येई, "आयला, परत!"

दोन-दोन पायऱ्या गाळत ते वर गेले. आण्णा गॅलरीत, चष्मा कपाळावर, फोन नाकाला चिकटलेला.

"आण्णा! तुम्ही नागव्वा?"

"सासूचं नाव हाय," आण्णा ओशाळून म्हणाले. "खरं नाव द्यायचं न्हाय, सांगितलं न्हवतं का मी?"

"अहो, पण ते माझं घंगाळ आहे! तुम्हाला सगळं माहीत आहे!"

"ते खरं हाय की. पण साहेब, तुमी स्वतः दोन येळा तपासलंय म्हणल्यावर माल खोटा आसंल व्हय? तुमच्या सहीवर मी डोळं झाकून बोली लावली."

एवढी मोठी दाद माशाळ्यांना उभ्या नोकरीत कुणी दिली नव्हती. क्षणभर ते विरघळलेच. मग भानावर येऊन त्यांनी आण्णांचा फोन काढून घेतला आणि आपल्या फोनवरून शेवटची बोली लावली. लिलाव त्यांनी जिंकला. पडद्यावर फुगे उडाले.

पार्सल आलं ते प्रियंका येण्याच्या आदल्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर. माशाळे जिन्यातच ताटकळत होते. पार्सलवाल्या पोरानं खिशातून काढावं तसं ते खोकं त्यांच्या हातावर ठेवलं. माशाळ्यांनी ते नुसत्या हातानं तोललं. तेहतीस वर्षांची सवय. साडेतीनशे ग्रॅम, खोक्यासकट.

आत कागदाच्या कपट्यांत घंगाळ होतं. दोन्ही कड्या जागच्या जागी, डाव्या अंगाला पोचासुद्धा. तळहातावर बसेल एवढं. माप पंधरा बाय आठ. सेंटिमीटर.

माशाळे जिन्यातच खाली बसले. वजन त्यांनी तपासलं, सन तपासलं, हत्ती तपासला. एककच तेवढं तपासलं नाही. वजनमापे खात्याचा निरीक्षक, आणि मापापुढे एकक नाही हे त्याला दिसलं नाही! नव्यानं भरती झालेल्या शिपायालाही दिसलं असतं. डोळ्यांपुढे घंगाळच होतं, म्हणून इंच त्यांनी आपल्याच मनानं घातले.

त्यांनी जेऊरला फोन लावला. ऋतुराज अगदी अदबीनं बोलला. "साहेब, मी कुटं म्हणलो सात किलो? माज्या मजकुरात वजनच न्हवतं. ते तुमी कळवलं. मंगळवेढा तुमी कळवलं. मागचा लेख बी तुमीच. मला वाटलं, एवढा मोठा साहेब सांगतोय म्हणल्यावर आसंल. आमी शोभेच्या वस्तू इकणारी साधी माणसं."

"आणि तो हत्ती?"

"हत्ती माजा हाय," ऋतुराजनं कबूल केलं.

आता काही उरलं नव्हतं. उद्या नात येणार, माळ्यावर विटा, आणि हातात हे खेळणं. घरात जाऊन ते गॅलरीत आपल्या बैठकीवर मटकन बसले. विजयमालाबाई बाळंतिणीच्या खोलीत चादरी घालत होत्या.

"अगं, जरा ये इकडे," त्यांनी हाक मारली.

त्या आल्या. माशाळ्यांनी ते चिमुकलं घंगाळ पुढे धरलं आणि सगळं सांगितलं. काटा, कोंडीबा, बारा माणसं, विटा, हत्ती, डोळे मिचकावणं, सगळं. "तुझ्या वडिलांचं नाव होतं त्यावर," ते शेवटी म्हणाले, "आणि मी ते शब्दाखातर गाडीवर चढवलं. एवढं करून तुला खरं सांगायची हिंमत झाली नाही." त्यांचे डोळे भरून आले. यंत्राला हवं होतं तसं ते आता आपोआप मिचकत होते.

विजयमालाबाई आत जाऊन कपाटातली पर्स घेऊन आल्या आणि तिच्यातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली. वळणदार अक्षर, सही, तारीख. घंगाळ, पितळी, १ नग.

"माल वर्णनाप्रमाणे न्हाय," त्या म्हणाल्या.

माशाळ्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "तू... पोतं कधी उघडलंस?"

"बार्शीहून आले त्याच दिवशी."

"पण वजन तर बरोबर होतं!"

"वजनाचं काय घेऊन बसलाय? आवं, नाव घातलेल्या भांड्याला चिठ्ठी कोण लावतं?" त्या म्हणाल्या. "चिठ्ठी बघितली आन् म्हणलं, हितं काय तरी खोटं हाय. मग कोंडीबाकडं गेले. त्यो तर दुसऱ्याच दिवशी स्वतःहून घिऊन आलता, दाराला कुलूप बघून परत न्हेलं बिचाऱ्यानं. म्हणला, साहेबांना सांगू नका, त्यांचा शब्द मोडंल."

"म्हणजे गिऱ्हाईक तू?"

"मीच की. म्हणलं बघू, कवा सांगतायत. दोन वर्सं वाट बघितली. रोज वाटायचं, आज सांगतील." एवढं बोलताना त्यांचा आवाज जरासा हलला, आणि माशाळ्यांना त्या 'बरं'चा अर्थ एकदाचा लागला.

"मग घंगाळ आहे कुठे?"

"उठा."

"अगं, पण..."

"उठा म्हणलं की."

माशाळे उठले. विजयमालाबाईंनी बैठक उलटी केली आणि विळीनं खालची शिवण उसवली. चादरीचं कव्हर निघालं, कापूस निघाला, आणि पालथं घातलेलं ते घंगाळ उताणं झालं. दोन कड्या, डाव्या अंगाला पोचा, कडेला मंगळवेढ्याच्या बापानं लेकीसाठी घातलेलं नाव. दोन वर्षं रोज संध्याकाळी ते त्याच्यावर बसून जगावर संशय घेत होते.

दुसऱ्या दिवशी चिंचेनं लख्ख घासलेल्या त्या घंगाळात नातीची आंघोळ झाली. पंधरा बाय आठचं घंगाळही वाया गेलं नाही, त्यात डाळीचं पीठ आणि हळद कालवली होती. आण्णा दारातूनच म्हणाले, "साहेब, हे आपलंच का? खात्री केली का?"

पदराला हात पुसत विजयमालाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "सैपाकघरात काटा हाय. बघता का घालून?"

माशाळे घंगाळापाशी उकिडवे बसले होते. नात पाण्यात पाय मारत होती आणि पाणी त्यांच्या काळ्या नखावर उडत होतं. "नको," ते म्हणाले.